संत्रा प्रक्रियेचा पेपर सुरू करायचा आहे, नेमकं जायचं कोणाकडे? डीन, अभ्यास मंडळ की विद्या परिषद?

काटोलरोड_बॉटनी
नमस्कार. मी नागपुरात राहते, काटोल रोडकडच्या एका सिनियर कॉलेजात बॉटनी शिकवते, कायम होऊन चार वर्षं झाली. कॉलेज ऑटोनॉमस नाही, साधं संलग्न आहे.

आमच्या वर्गातली अर्धी मुलं संत्र्याच्या बागावाल्या घरातली आहेत, फळगळ लागली की घरात काय वातावरण असतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मागच्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीच्या घरी गेली होती तर ओसरीत बारक्या फळांचा ढीग, व्यापाऱ्यानं मोठा माल उचलला आणि चुरी तशीच टाकून गेला. तिची आई म्हणाली मॅडम घेऊन जा नं पिशवीभर, नाहीतरी सडणारच आहे. ते डोक्यातून जातच नाही. तेव्हापासून वाटतं की आपण पुस्तकातून सिट्रसचं फूल काढायला लावतो, आकृतीला मार्क देतो, पण त्या फळाचं स्क्वॅश, मार्मालेड, सालीची पावडर कशी करायची हे शिकवत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था इथेच अमरावती रोडवर आहे, आणि आमच्या पोरांच्या अभ्यासक्रमात त्याचा मागमूस नाही.

तर मी दोन क्रेडिटचा एक पेपर तयार करून राहिली. प्राचार्य म्हणाले कल्पना छान आहे, विद्यापीठाकडून मंजूर करून आणा. पण कोणाकडून? विभागप्रमुख म्हणतात डीनना भेटा. एक सहकारी म्हणतात हे अकॅडमिक कौन्सिलचं काम आहे. दुसरे म्हणतात सरळ कुलगुरूंच्या नावानं पत्र टाका. आणि एकानं विचारलं, तुमचा विषय कोणत्या फॅकल्टीत बसतो ते तरी ठरवा आधी. मला तर आत्तापर्यंत फॅकल्टी म्हणजे शिक्षक एवढंच माहीत होतं, खोटं काहून बोलू.

कोणी नीट समजावून सांगाल का, ही सगळी मंडळं एकमेकांना कशी जोडलेली असतात आणि माझ्यासारखीनं दार कुठलं ठोठवायचं?

जुना_बॉटनीवाला
मॅडम, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी निवृत्त विभागप्रमुख आहे, अभ्यास मंडळावर दोन टर्म काढल्या, एक निवडून आणि एक नामनिर्देशनानं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी तो शब्दाचा गुंता. कॉलेजात आपण फॅकल्टी म्हणतो ते शिक्षकांना. विद्यापीठाच्या कायद्यात फॅकल्टी म्हणजे विद्याशाखा, अनेक विषयांचं मिळून एक मोठं घर. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार अशी चारच घरं आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. त्याआधीच्या १९९४ च्या कायद्यात घरं जास्त होती, अभियांत्रिकी वेगळी, विधी वेगळी, शिक्षणशास्त्र वेगळं, गृहविज्ञान वेगळं. आता इंजिनीअरिंग, फार्मसी आणि आपलं बॉटनी एकाच छताखाली आलं. प्रत्येक घराचा प्रमुख म्हणजे अधिष्ठाता, ज्याला आपण डीन म्हणतो.

पण घरात स्वयंपाक कोण करतं? अभ्यास मंडळ. विषयागणिक एक अभ्यास मंडळ असतं, त्यात विद्यापीठाच्या विभागाचे प्रमुख असतात, काही शिक्षक कुलगुरू डीनच्या सल्ल्यानं नेमतात, तीन जण संलग्न कॉलेजांच्या विभागप्रमुखांमधून निवडून येतात, शिवाय बाहेरच्या विद्यापीठातले आणि उद्योगातले तज्ज्ञ मंडळ स्वतः घेतं. अध्यक्ष मंडळातूनच निवडला जातो. पेपरचं नाव, युनिट, तास, प्रॅक्टिकलची यादी, पुस्तकं, प्रश्नपत्रिकेचं स्वरूप हे सगळं तिथे लिहिलं जातं. तिथून शिफारस विद्याशाखेकडे, विद्याशाखेकडून विद्या परिषदेकडे. विद्या परिषद म्हणजेच अकॅडमिक कौन्सिल, मंजुरीचा शेवटचा शिक्का तिथला. म्हणजे तुमचे बहुतेक सल्लागार अर्धे अर्धे बरोबर आहेत, फक्त क्रम कोणीच सांगितला नाही.

हे मी चूक करून शिकलोय म्हणून कळकळीनं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी रानभाज्यांवरच्या पेपरचा मसुदा घेऊन सरळ वरच्या दारात गेलो, छान बाइंडिंग करून. वरून तो खाली पाठवला, खाली मंडळाची बैठक होऊन गेली होती, पुढच्या बैठकीपर्यंत अध्यक्ष बदलले, वर्ष गेलं. नंतर एका ज्येष्ठ सरांनी सांगितलं की वर गेलेला कागद खाली येतो तेव्हा तो कोणाचाच नसतो, खालून वर गेला तर त्याच्या मागे दहा माणसं उभी असतात.

विद्या परिषदेत शंभर विषय असतात कार्यक्रमपत्रिकेवर, तिथे कोणी तुमचं युनिट तीन वाचत नाही. अभ्यास मंडळात वाचतात. आमच्याकडे एकदा प्लांट फिजिऑलॉजीच्या एका युनिटवर दुपारी दोन ते संध्याकाळी सहा वाद चालला, चहा तीनदा आला, प्रश्न एवढाच की प्रयोगाला लागणारी उपकरणं गोंदियाच्या लहान कॉलेजात आहेत का. नसतील तर तो प्रयोग कागदावरच राहणार. शेवटी साध्या काचसामानात होणारा प्रयोग घेतला. हा खरा कारभार आहे मॅडम, आणि तो त्या टेबलावर होतो. तुमचा मसुदा तिथे पोचला पाहिजे, अध्यक्षांच्या नावानं, विभागप्रमुख आणि प्राचार्यांमार्फत.

काटोलरोड_बॉटनी
सर, एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं, खूप खूप आभार. एक विचारू का, माझ्या पेपरमध्ये फळाची रचना बॉटनी, टिकवणं म्हणजे केमिस्ट्री आणि थोडी मायक्रोबायॉलॉजी, शेवटी पॅकिंग, लेबल, परवाना, खर्च-नफा हे कॉमर्स. तर हे आंतरविद्याशाखीयमध्ये जाईल का? नावावरून तरी तसंच वाटतं.

जुना_बॉटनीवाला
नावावर जाऊ नका. त्या चौथ्या विद्याशाखेत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण असे स्वतःचे विषय बसवलेले आहेत. दोन विषय एकत्र आले की आपोआप तिथे जातं असं नाही. तुम्ही बॉटनीच्या मंडळाकडूनच सुरुवात करा, केमिस्ट्रीवाल्यांचं मत लागलं तर संयुक्त बैठक घेता येते.

त्यापेक्षा मोठा प्रश्न दुसराच आहे: तुम्हाला वर्गात मुलं कोणती हवीत? नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तुमचा पेपर व्होकेशनल स्किल कोर्स म्हणून ठेवला तर तो मेजर विषयाला चिकटतो, म्हणजे बॉटनीचीच मुलं. ओपन इलेक्टिव्ह म्हणून ठेवला तर उलटं, तो दुसऱ्या विद्याशाखेतल्या मुलांसाठी असतो, बीकॉम आणि बीएची मुलं घेतील आणि तुमची बीएस्सीची मुलगी, जिच्या ओसरीत ढीग होता, तिला घेता येणार नाही. विद्याशाखेची भिंत इथे प्रत्यक्ष लागते. तेव्हा मसुदा लिहिण्याआधी हे ठरवा.

आणि सत्र सम ठेवा की विषम तेही बघा. अंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, तेव्हा विषम सत्राची परीक्षा चालू असते. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती सम सत्राच्या मधोमध. प्रॅक्टिकलला ताजं फळ हवं असेल तर सम सत्रच. मंडळातल्या शहरी सदस्यांना हे सुचणार नाही, तुम्हालाच मांडावं लागेल.

नोटशीट
सरांनी शैक्षणिक बाजू सांगितली, मी कागदाची सांगतो. तीसेक वर्षं विद्यापीठीय कार्यालयांत काढली, बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलतो.

मॅडम, तुमच्या बोलण्यात कधी पेपर येतो, कधी कोर्स. हे दोन शब्द अर्जात चुकूनही मिसळू नका. चालू पदवीमध्ये नवीन पेपर हा अभ्यासक्रमाचा विषय, सरांनी सांगितलेल्या वाटेनं जातो. पण कॉलेजात नवीन पदवी किंवा नवा अभ्यासक्रमच सुरू करायचा म्हटलं तर ती वेगळीच वाट आहे, तिथे विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत आराखडा लागतो, तो अधिष्ठाता मंडळ तयार करतं, त्यात तुमच्या भागात त्या अभ्यासक्रमाची गरज दाखवलेली असावी लागते, मग अर्ज, तपासणी समिती आणि शेवटी शासनाची परवानगी. अर्जावर 'नवीन कोर्स सुरू करणेबाबत' असा विषय लिहिलेला दिसला की टेबलावरचा माणूस तो प्रामाणिकपणे त्या दुसऱ्या वाटेला लावतो, त्यात त्याची काही चूक नाही. विषयाच्या ओळीत लिहा, अमुक सत्रात दोन क्रेडिटचा पेपर समाविष्ट करण्याबाबत.

दुसरं, पत्र दिलं की आवक क्रमांक घ्या, तारखेसह. बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर विषय आलाय का हे अध्यक्षांना आधी विचारा, कारण आयत्या वेळचा विषय म्हणून मांडला तर तो बहुतेक वेळा पुढच्या बैठकीवर जातो. बैठक झाली की ठराव क्रमांक लिहून ठेवा. पुढे विद्याशाखेत आणि विद्या परिषदेत तुमचा पेपर त्या क्रमांकानंच ओळखला जातो, तुमच्या नावानं नाही.

कुलगुरूंना पत्र टाका म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक 'बारा-सात' असतं. कायद्याच्या कलम १२ च्या पोटकलम ७ मध्ये कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी प्राधिकरणाच्या, म्हणजे विद्या परिषदेसारख्या मंडळाच्या वतीनं निर्णय घेता येतो, आणि नंतर तो त्या प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. जुन्या कायद्यात हेच 'चौदा-सात' होतं. ते परीक्षा अडली, प्रवेश अडले अशा वेळेसाठी आहे. मला मनापासून वाटतं की अभ्यासक्रम त्या दारातून येऊच नयेत, मंडळात चर्चा न झालेला पेपर शिकवणाऱ्याला पहिल्याच महिन्यात उघडा पाडतो, युनिटला तास पुरत नाहीत, पुस्तक मिळत नाही आणि विचारायला कोणी सापडत नाही.

तासांवरून आठवलं, एक क्रेडिट थिअरीला १५ तास, प्रॅक्टिकलला ३०. दोन क्रेडिट पूर्ण प्रॅक्टिकल ठेवलेत तर ६० तास, एक-एक ठेवलंत तर १५ अधिक ३०. मसुद्यात बेरीज जुळली नाही तर तो तिथेच परत येतो.

धंतोली_विधी
मी लॉ शिकवते. वरच्या दोन्ही ज्येष्ठांशी बहुतांशी सहमत, पण विद्याशाखा या पातळीबद्दल बोलायलाच हवं, ती मधली पायरी म्हणून सोडून देऊ नका.

आमचा विषय २०१६ च्या कायद्यानं मानव्यविद्या विद्याशाखेत आला. म्हणजे विधी, मराठी, इतिहास, अर्थशास्त्र यांचा एकच डीन. विद्याशाखेच्या बैठकीत प्रत्येक अभ्यास मंडळाचे अध्यक्ष बसतात, आमचे अध्यक्ष बार कौन्सिलच्या नियमांबद्दल बोलतात तेव्हा शेजारी भाषेचे अध्यक्ष असतात ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ते पाठ्यपुस्तकाबद्दल बोलतात तेव्हा आम्ही गप्प. वेगळी विद्याशाखा होती तेव्हा डीन आपल्या विषयातला असायचा, त्याला पहिल्या वाक्यात कळायचं. हे नुकसान मला खरं वाटतं.

शिवाय जुन्या कायद्यात डीन निवडून यायचा. आता पूर्णवेळ डीन निवड समितीमार्फत नेमला जातो आणि त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबर संपते. एक कुलगुरू गेले की चारही डीन जातात, चाललेली कामं अर्धवट. ज्या माणसाला विद्याशाखेतल्या शिक्षकांनी निवडलं नाही तो त्यांच्यासाठी वर किती भांडेल, असा माझा प्रश्न आहे.

जुना_बॉटनीवाला
धंतोली मॅडम, मुदतीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण निवडणुकीचे डीन मी जवळून पाहिलेत. कॉलेजची नोकरी सांभाळून, आठवड्यातून एखादी चक्कर, आणि पुढच्या निवडणुकीत कोणाची मतं लागतील याचा हिशेब डोक्यात, कोणाचा वाईट अभ्यासक्रम परत पाठवायची हिंमत होत नव्हती. पूर्णवेळ माणूस निदान खुर्चीवर सापडतो. भांडणं व्हायला हवं हे मान्य, पण ते अभ्यास मंडळातल्या त्या तीन निवडून आलेल्या जागांवरून व्हावं. त्या जागांसाठी आमच्यातले चांगले विभागप्रमुख उभेच राहत नाहीत, कोण त्या चकरा मारेल म्हणतात, आणि मग वर्षानुवर्षं सिलॅबसला नावं ठेवतात. याचा मला फार राग येतो.

धंतोली_विधी
त्या तीन जागांबद्दल शंभर टक्के सहमत सर. आमच्याकडे मागच्या वेळी एका जागेसाठी अर्ज भरायला मीच दोन जणांना हाताला धरून नेलं. डीनच्या निवडीबद्दल माझं मत मात्र तेच आहे.

आणि काटोलरोड ताई, लेबल आणि परवान्याचं युनिट लिहिताना अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा भाग आमच्यातल्या कोणाकडून तपासून घ्या, मी आनंदानं बघेन. घरगुती स्क्वॅश विकायचं म्हटलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी लागते, मुलांना तो फॉर्म प्रत्यक्ष भरायला लावा, नुसती व्याख्या पाठ करायला लावू नका.

नरखेडचा_पदवीधर
मी शिक्षक नाही, बीकॉम करून बाग पाहतो, वर्षातले चार महिने नागपुरात कळमन्याच्या मार्केटला चकरा असतात. मॅडमचं वाचून बरं वाटलं म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे मंडळाबद्दल बोलून राहिले पण सिनेटचं, म्हणजे अधिसभेचं नाव कोणीच घेतलं नाही. अधिसभेत १० जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या असतात, त्यातल्या ५ राखीव. आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला विद्यापीठात बोलायची तेवढीच जागा. पण नुसती डिग्री असून मत देता येत नाही भाऊ, पदवीधर म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, हे मलेच निवडणूक होऊन गेल्यावर समजलं. आमच्या गावात पन्नास ग्रॅज्युएट असतील, नोंदणी किती जणांची तं हाताच्या बोटावर. सिनेटमध्ये कोणी बागायतदार पदवीधर असता तर त्यानं एवढ्या वर्षांत विचारलं नसतं का, की संत्र्याच्या विद्यापीठात संत्रा काहून शिकवत नाही?

नोटशीट
भाऊ, प्रश्न रास्त आहे. फक्त एक लक्षात ठेवा, अधिसभा अभ्यासक्रम मंजूर करत नाही. तिचं काम अर्थसंकल्प आणि समाजाचं म्हणणं विद्यापीठापर्यंत पोचवणं, कायद्यातच तसं म्हटलंय. वर्षातून किमान दोन बैठका. पण तिथे विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते तयार करायला संबंधित टेबलावर फाईल उघडावी लागते. मी अशा किती फायली नुसत्या एका प्रश्नामुळे हललेल्या पाहिल्यात. तेव्हा नोंदणी कराच, गावातल्या पन्नासांचीही करून घ्या.

जुना_बॉटनीवाला
अजून एक राहिलं. फूड टेक्नॉलॉजीची जाणती माणसं म्हणजे एलआयटी, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. १९४२ ची संस्था, इतकी वर्षं आपल्याच विद्यापीठाची होती, पण २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. त्यामुळे ती मंडळी आता आपल्या विद्याशाखेत नाहीत. अमरावती रोडवर भिंतीला भिंत, पण कागदावर परकी. त्यांना बाहेरचे तज्ज्ञ म्हणून मंडळात बोलवता येतं, तुम्ही मसुद्यासोबत तशी सूचना जोडा. लिंबूवर्गीय संस्थेतलं कोणीही चालेल.

काटोलरोड_बॉटनी
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस हाच धागा उघडून बसली आहे. काय झालं ते सांगते.

विभागप्रमुखांशी बोलली. ते आधी म्हणाले की एवढं कोण करत बसेल, मग मी वेळापत्रक दाखवलं, फेब्रुवारीत मृग बहार आणि आमचं सम सत्र, तर ते स्वतःच म्हणाले की प्रॅक्टिकलची बॅच मी घेतो. व्होकेशनल स्किल म्हणूनच ठेवायचं ठरवलं, कारण ती ओसरीवाली मुलगी वर्गात असायलाच हवी. कॉमर्सच्या मुलांसाठी ओपन इलेक्टिव्ह पुढच्या वर्षी वेगळा लिहीन. पंधरा तास थिअरी, तीस तास प्रॅक्टिकल, बेरीज दोनदा तपासली. विषयाच्या ओळीत 'पेपर' लिहिलंय, 'कोर्स' नाही. मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले प्राचार्यांमार्फत पाठवा, बैठकीच्या आधी हातात पडू द्या.

एकच अडलंय. प्रॅक्टिकल क्रमांक चार, रस काढून साठवणे. घरी दोनदा करून पाहिलं, काढल्या काढल्या गोड लागतो आणि काही तासांनी कडू. मंडळात कोणी विचारलं तर? जुने बॉटनीवाले सर, रविवारी सकाळी मसुदा घेऊन तुमच्याकडे आली तर चालेल का?

जुना_बॉटनीवाला
या की. तो लिमोनिनचा, म्हणजे लिंबूवर्गीय फळातल्या एका कडू पदार्थाचा कडूपणा, नागपुरी संत्र्याचा जुना आजार, रस काढल्यावर हळूहळू वर येतो. त्यालाच प्रयोग करा, दर तासाला चव आणि नोंद, बिया आणि पांढरा पापुद्रा ठेवून एक नमुना, काढून एक. लहान कॉलेजातही होईल, काचेचे चार ग्लास लागतात फक्त. येताना डझनभर फळं आणा, चुरीच आणा.

नरखेडचा_पदवीधर
सर, फळं माझ्याकडून. शनिवारी कळमन्याला येणारच आहे, एक क्रेट मॅडमकडे पोचवतो.